भिंगरीच्या नावानं

८ नोव्हेंबर

उभा जन्म मी दुसऱ्यांचं लिहून घेण्यात घालवला. वकिलांचं, साहेबांचं, कारखान्याच्या मालकाचं. ते बोलायचे, मी लघुलिपीत उतरवायचो आणि टाइप करून समोर ठेवायचो. नंतर टायपिंगचा क्लास काढला, तिथेही दुसऱ्यांचेच उतारे. स्वतःचं म्हणून एक वाक्य लिहिलं नाही आणि त्याची मला खंतही नाही. पण धाकट्या बहिणीनं आज असं काही डोक्यात घेतलंय की कुठेतरी बोलायलाच हवं. बायकोशी बोलावं तर ती तिचीच बाजू घेणार. म्हणून ही वही.

बहिणीचं घरातलं नाव भिंगरी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून पडलेलं. पुढे नोकरीही तसलीच धरली, टुरिस्ट बसमध्ये माइक घेऊन दिवसभर बडबड करायची. आता दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकलेत आणि ही बया आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत चार-चार तास खिळून असते. मी शेजारी स्टुलावर. ती बोलते, मी हं हं करतो.

आज म्हणते, "दादा, इंटरनेटवर म्हणे कुणीही आपलं पान काढू शकतं. ब्लॉग म्हणतात. रोजचं काहीबाही लिहायचं, लोक येऊन वाचतात."

"कोण लोक?"

"कुणीही."

"कुणीही म्हणजे रिकामटेकडे."

"मग काय, मी तरी कुठे कामात बुडालेय? माझ्या उजव्या हातात सुया, मला लिहिता येत नाही. तू वहीत उतरव आणि क्लासमधल्या त्या कॉम्प्युटरवर छाप. नाहीतरी तो शोभेलाच ठेवलायस."

शोभेला! टाइपरायटर शिकायला कुणी येईना म्हणून घेतला तो. पण तिच्यापुढे माझं कधी चाललंय?

१५ नोव्हेंबर

पान निघालं. नाव 'खुर्चीवरून'. मी रीतसर वर तारीख, मग 'विषय', मग मजकूर, शेवटी 'कळावे' असं टाइप करून तिला कागदावर काढून दाखवलं. ती इतकी हसली की मशीन टूंटूं करायला लागलं आणि सिस्टर धावत आली.

"अरे दादा, ही काय थकबाकीची नोटीस आहे?"

आता तिचं जसंच्या तसं टाकतो. लघुलेखकाचा धर्मच तो, शब्द घालायचा नाही, शब्द गाळायचा नाही. पानाच्या तळाशी किती जणांनी भेट दिली त्याचा आकडा येतो. आज तो भराभर वाढत होता. मी खूश होऊन तिला सांगितलं, तर म्हणाली, "तू किती वेळा उघडलंस?" मी उघडलं की तो माझीही भेट धरतो, हे मला कुठे माहीत!

२ डिसेंबर

लोक खरंच येतात. खाली लिहून जातात. नाव नाही, गाव नाही, नुसती टोपणनावं. एक आहे पोस्टमन, निवृत्त माणूस दिसतो, रोज सकाळी पहिली हजेरी त्याची. एकीचं नाव आळशी. भिंगरीनं परवा पाण्याबद्दल सांगितलं होतं. दिवसाला मोजकंच पाणी प्यायचं असतं, त्यामुळे बर्फाचा एक खडा तोंडात धरून ती तासभर कसा पुरवते, आणि नळ वाहताना दिसला की तिला कसं रडायला येतं. मला हे माहीत नव्हतं. मी रोज तिच्यासमोर घटाघटा पाणी पीत होतो.

त्या पोस्टमननं खाली लिहिलं, "आज मीही दिवसभर बर्फाच्या खड्यावर राहून बघितलं. दुपारी हरलो." भिंगरीला ते वाचून दाखवलं तर तिनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "बघ, एक माणूस माझ्यासाठी तहानलेला राहिला."

त्यात एवढं काय ते मला कळलं नाही. पण तिचा चेहरा उजळला होता.

२० डिसेंबर

थंडी मरणाची. वॉर्डात ती दोन पांघरुणं घेऊन बसते, रक्त बाहेरून फिरून येतं ना, ते गार होतं म्हणे. आणि बोलते किती! माझ्या वह्यांमागून वह्या भरतायत. मी रोज थोडंच टाइप करू शकतो, उरलेलं पडून राहतं. "राहू दे, कुठे पळून जातंय," म्हणते.

आळशीनं तिच्या पानावर आमच्या पानाचा दुवा दिला, पोस्टमननं त्याच्या. तिकडून आणखी लोक आले. कुणाचा धंदा बुडालाय, कुणाचं मूल बोलत नाही, कुणी नुसतंच एकटं आहे. प्रत्येकानं आपापलं पान काढलंय आणि सगळे एकमेकांच्या दारात जाऊन बसतात. बायको म्हणाली, "जिन्यात गप्पा मारतात ना बायका, तसं आहे हे." तिला पटकन कळतं सगळं.

९ जानेवारी

आज एक नवीन आली, चष्मा नावाची. कॉलेजात आहे. नुकतंच डायलिसिस सुरू झालंय. लिहिते, "भिंगरीताई, माझ्या मशीनचं नाव मी सासूबाई ठेवलंय. सतत कुरकुर करते, माझं रक्त पिते, आणि तिच्याशिवाय माझं पान हलत नाही! तुमच्या मशीनला काय म्हणता?"

भिंगरी खूश. "हिला लगेच लिही, दादा. माझ्या मशीनचं नाव साहेब. चार तास बसवून ठेवतो आणि पदरात काही घालत नाही."

तेव्हापासून दोघींचं मेतकूट जमलंय. चष्माची आई शाळेत शिकवते, तिला हे कॉम्प्युटरवर बसणं आवडत नाही. चष्मा लिहिते, "आई म्हणते, अनोळखी माणसांना आपलं दुखणं सांगू नये. मी म्हटलं, ओळखीच्यांना सांगून बघितलं, ते घड्याळ बघतात." आता सगळं ताईला विचारून चालतं तिचं. सुई टोचताना कुठे बघायचं, खाज सुटली तर काय करायचं. तिच्या डॉक्टरपेक्षा हिच्यावर भरवसा जास्त.

३ फेब्रुवारी

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं काढा देणाऱ्या माणसाचा पत्ता दिला. त्याच्या मामाला गुण आला, म्हणे मशीन सुटलं. जाऊन बाटल्या घेऊन आलो. डॉक्टरांना सांगितलं नाही, त्यांना कुठे दुसऱ्याचं चांगलं बघवतं! बायको म्हणाली, "अहो, विचारून तरी द्या." मी म्हटलं, तू गप्प बस.

भिंगरी नाक दाबून घेते. आज वहीत सांगितलं, "दादानं काढा आणलाय. त्यानं मला नाही, पण दादाला बरंच बरं वाटतंय." मी उतरवून घेतलं, पण टाइप करताना ते वाक्य गाळलं. आयुष्यात पहिल्यांदा. जागा कमी होती.

जागा कमी नव्हती. मला नाही आवडलं ते वाक्य.

७ मार्च

भिंगरी आज उठलीच नाही. म्हणाली, "दादा, आज नको ना जाऊया. कंटाळा आलाय रे. एक दिवस मला माणसासारखं अंथरुणात लोळू दे."

तिचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, बरं, डायलिसिसची एक पाळी चुकली तर काय होतंय? काढा चालू आहेच. वॉर्डात फोन करून कळवलं. दिवसभर दोघं पत्ते खेळलो. ती लबाडी करते, लहानपणापासून. फार दिवसांनी घर हसरं होतं.

९ मार्च

आजही नको म्हणाली. पत्ते खेळताना बघितलं, पाय सुजलेत जरा. काढ्याचं प्रमाण वाढवलं.

११ मार्च

भिंगरी गेली. काल, नेताना, गाडीतच.

२६ मार्च

आज क्लास उघडला. सगळं उरकलं. लोक आले, गेले. डॉक्टर म्हणाले, हृदयावर ताण आला. कधीतरी व्हायचंच होतं. मी त्यांना काही विचारलं नाही, त्यांनीही काही विचारलं नाही.

कॉम्प्युटर लावला. पानावर सगळे वाट बघत होते. "ताई, कुठे उलथलात?" हे पोस्टमनचं. "रुसलात का?" हे आळशीचं. चष्माचं, "ताई, सासूबाईंनी आज फार छळलं, तुम्ही लवकर या नाहीतर मी तिला घटस्फोट देईन."

एक मजकूर वॉर्डातल्या सिस्टरचा होता. ती पान वाचायची हे मला माहीतच नव्हतं. "तुमच्या बहिणीसारखी पेशंट पुन्हा मिळणार नाही. खुर्ची रिकामी बघवत नाही." कुणी काही लिहिलं की ते आधी माझ्याकडे येतं. मी 'मंजूर' दाबलं तरच सगळ्यांना दिसतं. हे मी दाबलं नाही. तिथेच राहू दिलं.

मग कपाट उघडलं. वह्यांत तिचं केवढं पडून आहे! सगळं तिनं सांगितलेलं, तिच्याच तोंडचं. ते टाइप करायचं काम माझ्याकडे होतंच की. एक उतारा टाइप केला आणि टाकला. यात खोटं काय आहे?

दुपारपर्यंत सगळे जमले. "आल्या आल्या ताई आल्या!" मी क्लासचं दार लावून घेतलं आणि पोटभर रडलो.

१८ एप्रिल

रोज एक उतारा जातो. सकाळी वही घेऊन बसलो की कानात तिचा आवाज लागतो. कुठे ती खोकली होती, कुठे सिस्टरला हाक मारली होती, सगळं. भराभर टाइप करत नाही. पुरवून पुरवून करतो.

लोक हल्ली फार जपून बोलतात. परवाच्या उताऱ्यात दोन पांघरुणं आणि दात वाजण्याबद्दल होतं. इथे उकाड्यानं जीव चाललाय, पंखा गरम हवा फेकतो. पण तिचा शब्द मी कसा बदलणार? तसंच टाकलं. पोस्टमननं लिहिलं, "हो ताई, फार थंडी आहे. पांघरूण नीट घ्या." माणूस सुस्वभावी आहे. खाली आणखी एक ओळ होती, "आणि तुमचे दादा कसे आहेत? जेवतात ना वेळेवर?"

आळशीही हेच विचारते. दादांची झोप होते का, दादांना सोबत कोण आहे. माझी एवढी चौकशी यांना कशाला हवी, कळत नाही.

६ मे

वह्या संपल्या. शेवटच्या पानावर अर्धंच वाक्य आहे, "आणि मग त्या बसमधल्या आजोबांनी", तिथे तिची वेळ संपली होती. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायचं कधी सुचलंच नाही, मी नुसता उतरवत होतो.

बायको म्हणाली, "आता सांगून टाका हो त्यांना."

"काय सांगू?"

"जे झालं ते."

"तू जा, तुझं काम कर," म्हणून खेकसलो. तिनं चहा ठेवला आणि निघून गेली.

दिवसभर बसून मी आजोबांची गोष्ट पुरी केली. माझ्या मनानं. ही वही सोडली तर आयुष्यात लिहिलेलं पहिलं वाक्य, तेही तिच्या नावावर. सगळ्यांना आवडली.

२७ मे

आता रोज लिहितो. विषय सुचत नाही म्हणून तब्येतीबद्दल लिहिलं. बरं वाटतंय, सूज उतरली, भूक लागते. लिहिता लिहिता मलाच हलकं वाटायला लागलं. मग लिहिलं, काढ्यानं फरक पडतोय. आठवड्यातली एक पाळी सुटली.

असं होऊ शकलं असतं. आणखी थोडे दिवस मिळाले असते तर झालंही असतं. काढ्याचा दोष नाही.

जुनी मंडळी या लेखाखाली काहीच बोलली नाहीत. चष्मा मात्र नाचायलाच लागली. "ताई!!! एक पाळी सुटली? मला त्या माणसाचा पत्ता द्या, आत्ताच्या आत्ता! चव कशी आहे? मोज्यांसारखी असली तरी पिईन."

पत्ता दिला. गोड पोर आहे, तिलाही गुण यावा.

१४ जून

पानावरची गर्दी ओसरली. एक नवीन साइट निघालीय, तिथे खरं नाव आणि खरा चेहरा लावायचा, आणि ओळखीच्यांना 'मित्र' करून घ्यायचं. आळशी तिकडे गेली. जाताना लिहिलं, "इथे एवढं मोठं वाचायला वेळ कुठे मिळतो ताई, तिकडे दोन ओळींत भागतं." बायकोनंही तिथे खातं काढलं. तिला शाळेतल्या मैत्रिणी सापडल्या, खुशीत आहे. मला दाखवलं. कुणी जेवणाचा फोटो लावलाय, कुणी पोराचा, खाली सगळे 'छान छान' म्हणतायत. कुणाचं काही दुखतच नाही तिथे.

इथे आता पोस्टमन, चष्मा आणि दोन-चार जण. पोस्टमननं मला वेगळा निरोप पाठवला, सगळ्यांना दिसणार नाही असा. "काढ्याचं नका लिहू. ती लेक तुमच्या शब्दावर चालते." भिंगरीला तो नेहमी 'ताई' म्हणतो, यात ताई नव्हतं. गडबडीत राहिलं असेल. मी उत्तर दिलं नाही. शिकवतोय मला!

२ जुलै

क्लास आज बंद ठेवला.

सकाळी चष्माचा मजकूर. "ताई, तुमच्यासारखंच केलं. काढा चालू करून तीन आठवडे झाले. मागच्या आठवड्यात सासूबाईंकडे एकदाच गेले, या आठवड्यात गेलेच नाही! आईला कॉलेजला जाते सांगून बागेत जाऊन बसते. पाय जरा सुजलेत. तुमचेही सुरुवातीला सुजले होते का?"

पाय सुजलेत.

मी ते वाचलं आणि मला भिंगरीचे पाय दिसले, त्या दिवशीचे, पत्ते खेळताना पलंगावर ठेवलेले. बोट दाबलं की खळगा पडत होता. मी बघितलं होतं. बघून काढा वाढवला होता.

बायकोला क्लासमध्ये बोलावलं, वाचायला दिलं. तिनं सगळं वाचलं, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, आत्ता. चहा नंतर, आत्ता लिहा."

"कसं लिहू?"

"तुम्ही बोला, मी लिहून घेते."

मी बोललो आणि तिनं एकेका बोटानं टाइप केलं. काना, मात्रा, काय वाटेल ते चुकलं असेल. मी तपासलं नाही.

"चष्मा, आत्ता उठून दवाखान्यात जा. आईला सांग आणि जा. भिंगरी जिवंत नाही. मार्चमध्ये गेली. मी तिचा भाऊ. लागोपाठ दोन पाळ्या चुकवल्या आणि तिचे पाय सुजले आणि ती गेली. चुकवू मी दिल्या. काढा मी आणला. काढ्यानं काहीही झालं नाही. बरं वाटतंय ते मी लिहिलं, ती मेल्यावर लिहिलं. माझ्यावर रागव, पण आधी जा."

मग वॉर्डातल्या सिस्टरचा मजकूर शोधला आणि मंजूर केला.

संध्याकाळी चष्माच्या दोन ओळी आल्या. "तुम्ही नीच आहात. आई आली आहे, निघतोय."

३ जुलै

पोस्टमननं लिहिलंय. सगळ्यांना दिसेल असं.

"मास्तर, आम्हाला माहीत होतं. जुन्या सगळ्यांना. ऐन उन्हाळ्यात पांघरुणांचं आलं तेव्हाच कळलं. आधी वाटलं, चार दिवसांनी तुम्ही सांगाल. मग वाटलं, आपण बोललो तर तुमचं काय होईल? म्हणून रोज येत राहिलो. ताईसाठी नव्हतो येत, तुमच्यासाठी येत होतो."

डोक्यात तिडीक गेली. हे सगळे मिळून नाटक करत होते! मी त्याला लिहिलं, "लाज वाटली नाही? एक शब्द बोलला असतात तर ती पोर काढा प्याली नसती. दया करायची तर घरी बसून करायची होती. मेलेल्या माणसाशी बोलत बसलात, माणसं आहात की कोण?"

त्याचं उत्तर एवढंच. "चुकलो, मास्तर."

बायको म्हणाली, "सगळ्यांना माहीत होतं, अहो. तुम्हालाच नव्हतं."

चार महिने सगळे भिंगरीला रडत होते आणि मी तिची तब्येत सुधारत होतो. आज पहिल्यांदा तिचा पलंग आवरला. उशीखाली पत्त्यांतले दोन एक्के निघाले. लबाड कुठली.

१९ जुलै

चष्माचा पत्ता नाही. रोज उघडतो. पानाखालचा आकडा आता फक्त माझ्यानं वाढतो. लिहून विचारलं, "कशी आहेस, एक शब्द लिही." उत्तर नाही. ती कुठल्या गावची, खरं नाव काय, काही माहीत नाही. मशीनला काय म्हणते ते माहीत आहे, आणि दार कुठलं ठोठावायचं ते माहीत नाही. बायकोनं नवीन साइटवर शोधलं. चष्मा लावलेल्या मुली तिथे हजारो आहेत.

रागावली असेल. रागावलेली असू दे, हवी तितकी. काढ्याच्या माणसाकडे जाऊन आलो, भांडायला. दुकान बंद होतं. मी तरी कुणाशी भांडायला गेलो होतो!

२४ ऑगस्ट

सकाळी कॉम्प्युटर लावला आणि ओरडलोच, "अगं, चष्मा आली!" बायको हातातलं काम टाकून धावली.

मजकूर असा.

"सर्व वाचकांस नमस्कार. माझी प्रकृती आता ठीक आहे. उपचार नियमित सुरू आहेत व पाणी बेतानेच पिते. आपण सर्वांनी मला जो धीर दिला त्याबद्दल मी आभारी आहे. भिंगरीताईंच्या बंधूंवर माझा राग नाही. चष्मा."

पहिल्यांदा वाचताना नुसता आनंद झाला. राग नाही! पुन्हा वाचलं, आणि हात टेबलावर तसाच राहिला. लोकांचं बोलणं उतरवण्यात माझं आयुष्य गेलंय. कुठलं वाक्य कुणाच्या तोंडचं, हे मला झोपेतसुद्धा कळेल. ती पोर कधी नमस्कार म्हणाली नाही. डायलिसिसला उपचार म्हणाली नाही. सासूबाई कुठे गेल्या? हे कुणीतरी मोठ्या माणसानं लिहिलंय, फळ्यावर लिहावं तसं.

बायकोनं तोंडाला पदर लावला. "अहो, ही तिची आई आहे."

मी मान हलवली. ती स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली.

म्हणजे गेली. कधी, कशानं, त्या चुकवलेल्या पाळ्यांनी की आणखी कशानं? माझ्या एका ओळीनं गेली का? हे विचारायचा मला हक्क आहे का? नाही. आणि उत्तर ऐकायची ताकदही नाही. ते जन्मभर माझ्या उरावर राहील, आणि राहायलाच हवं.

थोड्या वेळानं पोस्टमनचा निरोप आला, फक्त माझ्यासाठी. "मास्तर, चष्माचा मजकूर माझ्याही पानावर आलाय, वाचलंत? आता काय करायचं?"

ज्याला मी माणूस आहात की कोण म्हणून विचारलं होतं, तो मला विचारतोय. खरं बोलायला हवं, मीच तर म्हणालो होतो. पण ती बाई कुठल्यातरी खोलीत, लेकीच्या खुर्चीत, लेकीच्या कॉम्प्युटरसमोर बसली असेल. ज्या अनोळखी माणसांना काही सांगू नको म्हणायची, त्यांनाच लिहून, उत्तर येतंय का बघत. इथे आता कुणाचा जीव टांगणीला नाही. जायचं ते गेलं. मी पोस्टमनला लिहिलं, "तुम्ही जे माझ्यासाठी केलंत तेच. माझं त्या दिवशीचं बोलणं पोटात घाला."

मग तिचा मजकूर मंजूर केला आणि खाली लिहिलं, "चष्मा, वाचून बरं वाटलं. उद्याही लिही. आम्ही आहोत."

पाठोपाठ पोस्टमननंही लिहिलं, "मीही आहे, बेटा."

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "लिहीन. परंतु काय लिहावे, सुचत नाही."

मी लिहिलं, "लहानपणीचं लिही. ते आम्हाला कुणालाच माहीत नाही."